संगणकाचा पत्ता : स्थानिक जाळ्यातील आयपी क्रमांकांची ओळख

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वराचे नाव रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्यास मिळालेले आहे. त्या तालुक्याचे मुख्यालय मात्र देवरुख येथे आहे. पाकिटावर नुसते 'संगमेश्वर' असे लिहिले, तर गाव अभिप्रेत आहे की तालुका, हे परक्या माणसास कळणे कठीण. परंतु ४१५६११ हा पिन कोड लिहिला की पत्र संगमेश्वरच्या टपाल कचेरीत येते, आणि ४१५८०४ लिहिला की देवरुखला जाते. नावातील संदिग्धता अंकांनी दूर करण्याची ही पद्धत भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आणली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे याच जिल्ह्यातील केळशीचे. संस्कृतात नाटके व काव्ये लिहिणाऱ्या या अधिकाऱ्याने साऱ्या देशाचे टपाल सहा अंकांत बसविले. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारी कचेरी दाखवितात. मोठ्या प्रदेशाकडून लहान ठिकाणाकडे डावीकडून उजवीकडे सरकत जाणारा असा हा पत्ता आहे.

संगणकांच्या जाळ्यातील पत्ताही याच तत्त्वावर चालतो. तो समजून घेण्याची निकड आता केवळ तंत्रज्ञांपुरती राहिलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर केलेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना २०१५ पासून 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते, आणि ग्रामपंचायतीपर्यंत फायबर तार नेणे हे तिचे उद्दिष्ट आहे. परंतु तार कार्यालयाच्या भिंतीपर्यंत आली म्हणजे काम संपले असे नव्हे. भिंतीच्या आतल्या बाजूस दोन-तीन संगणक, एक प्रिंटर, क्वचित हजेरीचे यंत्र किंवा कॅमेरा, आणि शाळा असेल तर वर्गातील मोठा पडदा, अशी साधने एकमेकांशी जोडावी लागतात. ती जोडणी कार्यालयालाच सांभाळावी लागते. सड्यावरच्या वाडीतून पायी उतरून, एस.टी. पकडून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" असे सांगितले जाते, तेव्हा दूरचा सर्व्हर प्रत्येक वेळी दोषी असतोच असे नाही. कित्येकदा अडथळा टेबलावरच्या दोन यंत्रांमध्ये असतो आणि तो पाच मिनिटांत दूर होण्यासारखा असतो. मात्र तो कोठे आहे, हे ओळखता आले पाहिजे.

चार आकडे, बत्तीस दिवे

जाळ्यातील प्रत्येक साधनाला जो क्रमांक दिला जातो, त्यास आयपी पत्ता म्हणतात. आज सर्वत्र वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचा नियमग्रंथ सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२.१६८.१.१० हा अशा पत्त्याचा एक नमुना. टिंबांनी विभागलेले चार आकडे, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. २५५ हीच मर्यादा का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक आकडा म्हणजे ओळीने लावलेले आठ दिवे होत. त्यांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. पहिले दोन दिवे पेटले की १२८ अधिक ६४ मिळून १९२ होतात. पहिला, तिसरा आणि पाचवा पेटला की १६८. आणि सर्व आठही पेटले की बेरीज बरोबर २५५ भरते. चार आकड्यांचे मिळून बत्तीस दिवे. त्यांच्या पेटण्या-विझण्याचे एकूण प्रकार ४,२९,४९,६७,२९६ होतात. जगाला एवढे पत्ते पुरतील असे १९८१ साली वाटणे स्वाभाविक होते. (या लेखात पत्ते देवनागरी अंकांत छापले असले, तरी यंत्रात भरताना ते इंग्रजी अंकांतच भरावे लागतात, हे येथेच सांगितलेले बरे.)

पिन कोड आणि आयपी पत्ता यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पिन कोड टपाल कचेरीपाशी थांबतो, पुढे घर शोधण्याचे काम पोस्टमनच्या ओळखीवर चालते. आयपी पत्त्यात मात्र गाव आणि घर दोन्ही एकाच क्रमांकात असतात. मग गावाचा भाग कोठे संपतो आणि घराचा कोठे सुरू होतो? हे सांगण्यासाठी पत्त्याबरोबर आणखी एक चौकडी लिहावी लागते. तिला सबनेट मास्क म्हणतात. कार्यालयांतून बहुधा आढळणारा मास्क २५५.२५५.२५५.० असा असतो. जेथे २५५ तो भाग गावाचा आणि जेथे शून्य तो घराचा, इतका सरळ त्याचा अर्थ. म्हणजे १९२.१६८.१ हे गाव झाले आणि १० हे त्यातील घर. घरांसाठी ० ते २५५ असे २५६ क्रमांक उपलब्ध होतात. त्यांपैकी ० हा गावाचा स्वतःचा आणि २५५ हा साऱ्या गावाला उद्देशून द्यावयाच्या दवंडीचा. उरलेले २५४ क्रमांक साधनांना देता येतात.

ही दवंडी अलंकारिक नव्हे. जाळ्याचे बरेचसे व्यवहार तिच्यावरच चालतात. प्रत्येक साधनाला कारखान्यातच कोरून दिलेला अठ्ठेचाळीस दिव्यांचा आणखी एक क्रमांक असतो, मोटारीच्या चेसिस क्रमांकासारखा. त्यास मॅक पत्ता म्हणतात. आयपी पत्ता हा वाहनाच्या पाटीवरील क्रमांकासारखा, बदलता येणारा. प्रत्यक्ष माल पोचतो तो चेसिस क्रमांक पाहून. संगणकाला प्रिंटरकडे कागद धाडावयाचा असला, की तो आधी साऱ्या गावात दवंडी देतो : "१९२.१६८.१.१० हा पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता सांगून उत्तर देतो. दवंडी वेशीपलीकडे जात नाही. पलीकडच्या जगाशी व्यवहार करावयाचा तर वेशीवरील राउटरकडे माल सोपवावा लागतो. या राउटरच्या पत्त्याला गेटवे, म्हणजे प्रवेशद्वार, असे नाव आहे. पत्ता, मास्क आणि गेटवे या तीन गोष्टी बरोबर असल्या की साधन जाळ्यात रुजू झाले असे समजावे.

मास्क चुकल्याने होणारा घोटाळा मोठा फसवा असतो. समजा, एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० आहे, पण मास्क २५५.२५५.२५५.१२८ असा भरला गेला. यामुळे गावाचे दोन तुकडे पडतात : ० ते १२७ अलीकडचा आणि १२८ ते २५५ पलीकडचा. शेजारच्या टेबलावरील प्रिंटर २०० क्रमांकावर असेल, तर या संगणकाला तो परगावचा वाटतो. तो दवंडी न देता कागद वेशीवर पाठवितो. राउटरने तो परत आत वळविला तर छपाई होते, न वळविला तर होत नाही. शेजारचा दुसरा संगणक मात्र त्याच प्रिंटरवर सुरळीत छापत असतो. अशा वेळी केबल बदलून पाहण्यात दिवस जातो.

प्रत्येक गावाची खालची वाडी

१९२.१६८.१.१० हा पत्ता रत्नागिरीतील एका कार्यालयात असेल आणि त्याच क्षणी चिपळुणातील शाळेत, नागपुरातील दुकानात, लंडनमधील घरातही असेल. मग पत्ता एकमेव असला पाहिजे या नियमाचे काय? कोकणातील वाचकांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. खालची वाडी जवळजवळ प्रत्येक गावात असते. गावातल्या गावात "खालच्या वाडीतले तिसरे घर" एवढे सांगणे पुरते. मुंबईहून पत्र पाठविणाऱ्या चाकरमान्यास मात्र गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड लिहावाच लागतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलेल्या नियमानुसार पत्त्यांचे तीन पट्टे अशा अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले : १० ने सुरू होणारा सर्वांत मोठा, १७२.१६ ते १७२.३१ हा मधला, आणि १९२.१६८ ने सुरू होणारा सर्वांत लहान. शेवटच्या पट्ट्यातही ६५,५३६ क्रमांक आहेत. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता, आपल्या कुंपणाच्या आत वापरावेत; बाहेरच्या महाजालात त्यांना अर्थ नाही.

मग आतील संगणकाने मागविलेले उत्तर बाहेरून परत त्याच्याच टेबलावर कसे येते? येथे आवक-जावक नोंदवहीची आठवण व्हावी. कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक पत्रावर एकच, कार्यालयाचाच पत्ता असतो. निरनिराळा असतो तो जावक क्रमांक. उत्तर देणारा आपल्या पत्रात त्या क्रमांकाचा संदर्भ देतो, आणि आवक लिपिक तो पाहून कागद योग्य टेबलावर ठेवतो. राउटर नेमके हेच करतो. आतून निघालेल्या प्रत्येक मागणीवरील खाजगी पत्ता खोडून तो त्या जागी स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो, तिला एक क्रमांक देतो आणि आपल्या तक्त्यात नोंद करतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते आत वाटतो. या क्रमांकांची मर्यादा ६५,५३५ पर्यंत आहे, लहान कार्यालयाला ती पुरून उरते. बाहेरून न मागविता आलेला कागद मात्र, ज्याचा जावक क्रमांकच नाही, तो राउटर आत सोडत नाही. कार्यालयातील कॅमेरा घरबसल्या मोबाइलवर सहजासहजी का दिसत नाही, याचे एक कारण येथे सापडते.

ही युक्ती १९९४ साली मांडली गेली ती पत्त्यांची टंचाई जाणवू लागल्यामुळे. तरीही ३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीतील पत्त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. त्यानंतरची सहावी आवृत्ती बत्तीसऐवजी एकशे अठ्ठावीस दिव्यांची आहे. तिच्यातील पत्त्यांची संख्या लिहावयाची तर ३४ वर सदतीस शून्ये मांडावी लागतील, इतकी प्रचंड. भारताच्या दूरसंचार विभागाने तिच्याकडे वळण्याचा आराखडा २०१० मध्येच जाहीर केला होता, आणि मोबाइल सेवांमुळे तिचा वापर या देशात मोठ्या प्रमाणावर होतो. परंतु कार्यालयाच्या चार भिंतींच्या आत अद्याप बहुधा चौथ्या आवृत्तीचेच राज्य आहे. म्हणून येथे तिचाच विचार केला आहे.

पत्ता देणारा कोण?

साधनाला पत्ता दोन प्रकारे मिळतो. एक, माणसाने स्वतः भरून, कायमचा. दुसरा, राउटरकडून आपोआप आणि ठरावीक मुदतीसाठी. दुसऱ्या पद्धतीला डीएचसीपी असे नाव असून तिचा नियमग्रंथ प्रथम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने जोडलेले साधन, ज्याला स्वतःचा पत्ता नाही, ते दवंडी देते. राउटर एक मोकळा क्रमांक देऊ करतो. साधन तो मागून घेते. राउटर मान्यता देतो. चार वाक्यांचा हा संवाद क्षणार्धात पूर्ण होतो. मुदत संपण्यापूर्वी साधनाने नूतनीकरण मागितले तर क्रमांक तोच राहतो. न मागितल्यास तो इतरांना देण्यास राउटर मोकळा असतो.

ही सोय माणसे जवळ बाळगतात त्या मोबाइल व संगणकांसाठी उत्तम आहे. प्रिंटरसाठी ती घातक ठरू शकते. प्रिंटरला समजा १०५ हा क्रमांक मुदतीने मिळाला आणि दोन्ही संगणकांत "छपाई १०५ कडे पाठवावी" अशी नोंद झाली. पावसाळ्यात शनिवारी वीज गेली, सोमवारी दुपारी आली. दरम्यान प्रिंटरची मुदत संपली. वीज येताच कार्यालयात आलेल्या कोणाच्या तरी मोबाइलला राउटरने तोच १०५ क्रमांक दिला, आणि मागाहून सुरू केलेल्या प्रिंटरला १०८. संगणक बिचारा इमानाने १०५ कडेच घरपट्टीच्या पावत्या पाठवीत राहतो. मोबाइलला त्यातले काही कळत नाही. कोणतेही यंत्र बिघडलेले नसते, तरी काम बंद असते.

म्हणून प्रिंटर, हजेरीचे यंत्र, कॅमेरा, अशा एका जागी बसून इतरांच्या उपयोगी पडणाऱ्या साधनांना कायमचे पत्ते द्यावेत, आणि ते राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचे असावेत. राउटरला १०० ते १९९ वाटू द्यावेत, कायमच्या साधनांसाठी १० ते ५० राखून ठेवावेत, अशी विभागणी पुरेशी आहे. ही मर्यादा पाळली नाही तर एकच पत्ता दोघांना जातो. कर आकारणीच्या नमुना ८ मध्ये एकच मिळकत क्रमांक दोन घरांना लागला तर जे होईल, तेच येथे होते : दवंडीला दोघे उत्तर देतात, माल कधी एकाकडे तर कधी दुसऱ्याकडे जातो. अशा वेळी पडद्यावर पत्ता दुबार असल्याची सूचना येतेही. ती वाचण्यापूर्वीच बंद करण्याची सवय मात्र सार्वत्रिक आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्याचे दिसले, तर त्याला पत्ता देणारा कोणी भेटलाच नाही असे समजावे. दवंडी व्यर्थ गेल्यावर यंत्र हा तात्पुरता पत्ता स्वतःच धारण करते. दोष तार, स्विच किंवा राउटर यांपैकी कशात तरी आहे; मंत्रालयातील किंवा दिल्लीतील सर्व्हरचा त्याच्याशी संबंध नाही.

शाळांतून याच्या उलट प्रकार घडतो. वर्गापर्यंत वायफाय पोचावे म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो आणि कार्यालयाची तार त्याच्या मिळेल त्या छिद्रात खोचली जाते. हा राउटरही कारखान्यातून पत्ते वाटण्याची सज्जता घेऊनच आलेला असतो. आता एकाच वाडीत क्रमांक वाटणारे दोन तलाठी झाले! ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता साधन घेते. निम्मे संगणक चालतात, निम्मे चालत नाहीत, आणि उद्या ते निम्मे बदलतात. दुसऱ्या राउटरचे वाटप बंद करून त्याला पहिल्याच्या गावातील एक मोकळा कायम पत्ता दिला, आणि तार आतील बाजूच्या छिद्रात जोडली, की हा घोळ मिटतो.

विजेनंतरचे दुरुस्तीकाम

कोकणात मृगाच्या आधी आणि पुन्हा परतीच्या पावसात गडगडाटी वादळे होतात. तारेवाटे आलेल्या विजेच्या झटक्याने मोडेम किंवा राउटर जळणे हे या भागातील कार्यालयांना नवीन नाही. फायबरच्या काचेतून वीज वाहत नसली, तरी तिच्या टोकाचे यंत्र विजेच्या खांबावरूनच शक्ती घेत असते. जळालेले यंत्र बदलून मिळते, नवा राउटर बसतो, संगणकावर महाजाल सुरू होते आणि तंत्रज्ञ निघून जातो. दुसऱ्या दिवशी कळते की प्रिंटर उत्तर देत नाही. तोही विजेने गेला असा निष्कर्ष निघून नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो.

प्रस्तावापूर्वी एक गोष्ट तपासावी. जुना राउटर १९२.१६८.१ या गावाचा होता आणि नवा कारखान्यातूनच १९२.१६८.० या गावाचा आलेला असू शकतो; हे दोन्ही अंतर्गत पट्टे राउटर बनविणाऱ्यांच्या नित्य वापरातील आहेत. संगणकांनी आपोआप नवे पत्ते घेतले, म्हणून ते चालू लागले. प्रिंटरचा पत्ता मात्र कायमचा, आणि म्हणून जुन्याच गावाचा राहिला. प्रिंटरच्या पटलावरून नवा पत्ता भरणे, किंवा त्याहून सोपे म्हणजे नव्या राउटरला जुन्याच गावाचा क्रमांक देणे, एवढेच काम शिल्लक असते. त्याच बैठकीत राउटरचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्दही बदलावा, कारण तो सर्वांना ठाऊक असतो.

हे सर्व ज्यावर अवलंबून आहे ती वस्तू अगदी साधी आहे : एक वही. साधनाचे नाव, ते कोठे ठेवले आहे, आयपी पत्ता, मास्क, गेटवे, मॅक पत्ता, पत्ता कायमचा की मुदतीचा, आणि बदल केल्याची तारीख, एवढे रकाने पुरेत. संगणकातच ती नोंद ठेवण्याचा मोह टाळावा, कारण गरज पडते तेव्हा संगणकच बंद असतो. संगणक परिचालक बदलला, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली झाली, तर प्रभार देताना ही वहीही यादीत असावी.

दोष शोधताना जवळून दूर जावे. संगणकावर पिंग नावाची सोय असते. एखाद्या पत्त्याला हाक देऊन उत्तराची वाट पाहणे एवढेच तिचे काम. प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यास हाक द्यावी. हा प्रत्येक यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता आहे, आणि तेथून उत्तर न आल्यास बिघाड त्या यंत्रातच आहे. नंतर गेटवेला. उत्तर आले तर कार्यालयातील तार, स्विच आणि पत्ते ठीक आहेत. नंतर बाहेरच्या एखाद्या सुपरिचित पत्त्याला अंकांनी, आणि शेवटी संकेतस्थळाला नावाने हाक द्यावी. अंकांना उत्तर मिळते पण नावाला मिळत नाही, असे झाल्यास नावाचे अंकांत रूपांतर करून देणारी सेवा, जिची योजना १९८३ मध्ये झाली, ती अडलेली आहे; राउटरमधील तिचा पत्ता तपासावा. काही यंत्रे सुरक्षिततेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, तेव्हा एकट्या मौनावरून निर्णय करू नये. दुसऱ्या संगणकावरूनही तीच हाक देऊन पाहावी.

गेटवेपर्यंत उत्तर येते आणि पुढे कोठेच येत नाही, असे दोन संगणकांवरून दिसले, तर दोष कार्यालयाबाहेरचा आहे. सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार करताना "नेट बंद आहे" एवढेच न सांगता हेच वाक्य, वेळेसह, सांगावे आणि मिळालेला तक्रार क्रमांक त्याच वहीत लिहून ठेवावा.